बारा महिन्यांचे घर

पूर्वी आपल्याकडे घराचे माप चौरस फुटांत सांगण्याची रीत नव्हती. घर खणांनी मोजत. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. 'दोन खणांचे घर' किंवा 'पाच खणांचे घर' एवढे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या घराचा आकार उभा राहत असे. धुळ्याच्या जुन्या वस्तीतील माझे माहेर तीन खणांचे होते आणि त्यात आम्ही अकरा माणसे नांदत होतो. लग्नानंतर मी जळगावला आले. १९९४ साली यजमानांनी तेथील एका कॉलनीत दुमजली घर बांधले. त्याला आठ खोल्या. सासू-सासरे, आम्ही उभयता, दोन मुले आणि अखंड येणारा-जाणारा गोतावळा, त्यामुळे त्या आठ खोल्याही त्या काळी अपुऱ्या वाटत.

सासू-सासरे गेले. थोरला मुलगा पुण्यास आणि धाकटा कॅनडात स्थायिक झाला. आठ खोल्यांत आम्ही दोघे उरलो. तीन वर्षांपूर्वी यजमानांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही काळ जिना चढण्यास मनाई केली. आमचा सर्व व्यवहार खालच्या दोन खोल्यांत आला. सहा महिने तसे गेले. वर कोणाचे काही अडले नाही. धूळ मात्र साचत राहिली, आणि ती झाडण्यासाठी एक बाई लावावी लागली. न वापरलेल्या खोल्या झाडण्यासाठी आपण पगार देत आहोत, ही गोष्ट माझ्या मनात घर करून बसली.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रह-परिमाणाचे. त्यात परिग्रहाचे जे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांत क्षेत्र आणि वास्तु, म्हणजे जमीन आणि घर, ही दोन नावे सर्वांत आधी येतात. सोने-नाणे, धन-धान्य त्यानंतर. आपल्यापैकी पुष्कळजण या व्रताची मर्यादा घेताना सोन्याच्या तोळ्यांचा आणि साड्यांच्या संख्येचा बारकाईने विचार करतात, पण घराचा आकडा सहसा 'आहे तेवढे' असाच लिहिला जातो. मीही याचा विचार करू लागले आणि आम्ही उभयतांनी ठरविले, की दोन खोल्यांचे घर शोधावे. अट एकच होती. ते घर एकाकी नसावे, आणि हौसेने चार दिवस राहण्याचे नसून बाराही महिने राहण्याचे असावे.

धाकट्या मुलाला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "आई, इकडे तर याची मोठी चळवळ आहे." त्याने सांगितले आणि मग मीही वाचले. अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत अगदी लहान घरात राहण्याची ओढ वाढली आहे. तेथील निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत २०१८ साली अशा घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले गेले आणि ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी क्षेत्राचे ते 'लहान घर' अशी व्याख्या झाली. असे घर बांधणे अवघड नाही, ते ठेवावे कोठे हा खरा प्रश्न आहे. अनेक गावांचे नियम अमुक आकाराहून लहान घर बांधू देत नाहीत, म्हणून लोक त्याला चाके लावतात. चाके लावली की ते वाहन ठरते, आणि वाहनात कायम राहण्यास पुष्कळ ठिकाणी बंदी असते. म्हणून तेथील लोक घराच्या आधी वस्ती शोधतात, जेथे शेजार मिळेल आणि हिवाळ्यातही कोणी उठवणार नाही.

या चळवळीतील लोक थोरो या अमेरिकी लेखकाला आपला पूर्वज मानतात. १८४५ साली त्याने वॉल्डन तळ्याकाठी १० फूट बाय १५ फूट आकाराची एका खोलीची झोपडी बांधली आणि तेथे तो दोन वर्षांहून थोडा अधिक काळ राहिला. हे सर्वांना ठाऊक असते. ती जमीन त्याचे स्नेही इमर्सन यांची होती आणि काँकॉर्ड गाव पायी जाण्याच्या अंतरावर होते, हे मात्र कमी सांगितले जाते. थोरो वरचेवर गावात जात असे आणि लोकही त्याच्याकडे येत. इतक्या लहान घराला मित्राची जमीन आणि जवळचे गाव यांचा आधार होता, ही गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली.

आमचा शोध जळगावच्या आसपास सुरू झाला. आजकाल महामार्गालगत शेतात लहान लहान भूखंड पाडून त्यावर तयार खोक्यासारखी घरे उभी करून देणारे पुष्कळ आहेत. आम्ही अशा दोन-तीन जागा पाहिल्या. झाडे लावलेली, झोपाळे टांगलेले, फलकावर निसर्गाच्या सान्निध्याची वचने. रविवारी तेथे मुलांचा किलबिलाट होता. मी यजमानांना म्हटले, आपण बुधवारी पुन्हा येऊ. बुधवारी तेथे राखणदाराखेरीज कोणी नव्हते. पाणी टँकरने येत होते. दुपारचे तीन वाजले होते आणि महिना वैशाखाचा. आपल्या जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, हे वाचकांना सांगावयास नको. पत्र्याच्या त्या सुबक घराच्या भिंतीला हात लावला, तो लगेच मागे घ्यावा लागला. आपल्या पूर्वजांनी खान्देशात जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे का घातले, याचे उत्तर त्या भिंतीने एका क्षणात दिले.

कागदपत्रांची गोष्ट आणखी निराळी. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी घेणारा सामान्यतः शेतकरी असावा लागतो, आणि आपल्या समाजातील बहुतेक घराणी व्यापारी. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे वाटेल तसे लहान तुकडे पाडून विकता येत नाहीत. म्हणून अशा योजनांत कित्येकदा एकाच सातबाऱ्यावर अनेकांची नावे सामाईक लावली जातात, आणि आपला तुकडा नेमका कोणता हे कागद सांगत नाही. जमीन बिनशेती झाली आहे का, आणि भूखंड स्वतंत्रपणे आपल्या नावावर होणार का, हे दोन प्रश्न आम्ही विचारले की समोरच्या माणसाचा स्वर बदलत असे.

आणखी एक विचार होता, जो इतरांना कदाचित सुचणार नाही. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते. उघड्या शेतात दिवेलागणीनंतर दिव्याभोवती जीवजंतूंचा जो थवा जमतो, तो पाहून मन विटते. चार घरांच्या अंतरावर स्थानक नाही, वाटेने जाणाऱ्या साध्वीजींना गोचरीसाठी यावे अशी वस्ती नाही. अशा ठिकाणी घर लहान असले तरी जीवन लहान होऊन जाईल, असे यजमान म्हणाले. ते मला पटले.

त्यानंतर थोरल्या मुलाच्या आग्रहाने एका मोठ्या शहरातील ज्येष्ठांची वसाहत पाहिली. व्यवस्था उत्तम होती. लिफ्ट, परिचारिका, भोजनगृह, सर्व काही. एका खोलीचे घर ४०० चौरस फुटांच्या आतच होते. पण तेथे सर्व माणसे साठीच्या पुढची. संध्याकाळी बागेत बसले असता एकही लहान मूल दिसले नाही. काही मैत्रिणींनी तीर्थक्षेत्री धर्मशाळेत खोली घेऊन राहावे असेही सुचविले. धर्मशाळा यात्रेकरूंसाठी असते. आपण कायमचे मुक्काम ठोकले, तर कोणा यात्रेकरूची जागा अडवली, असे होते. म्हणून तो विचार आम्ही तेथेच सोडला.

शोधाला वळण मिळाले ते इंदूरला. नात्यातील एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही धुळ्याहून आग्रा रोडने, शिरपूर ओलांडून, बिजासनचा घाट चढून इंदूरला गेलो होतो. तेथे यजमानांच्या एका स्थापत्य अभियंता मित्राने 'अरण्य' वसाहत पाहण्यास सुचविले. वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी ती आखली. १९८९ च्या सुमारास ती उभी राहिली, १९९५ साली तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०१८ साली दोशींना प्रित्झकर हा जागतिक सन्मान मिळाला. सुमारे साडेसहा हजार भूखंडांच्या या वसाहतीत सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ३७५ चौरस फुटांचा आहे. हे भूखंड अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होते. त्यांना जोते, पाणी आणि शौचालय एवढा गाभा बांधून द्यायचा आणि पुढचे घर त्या कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी ती योजना. दोशींनी नमुन्यासाठी स्वतः ८० घरे बांधून दाखविली. दहा-दहा घरांचे पुंजके, मागे अंगण, समोर रस्ता.

आम्ही गेलो तेव्हा मूळ आखणी ओळखू येणार नाही इतकी घरे वाढलेली, रंगलेली आणि गजबजलेली होती. मित्र थोडा खंतावला. मला मात्र ते पाहून आनंद झाला. ओट्यावर आजी भाजी निवडत होती, पायरीवर मूल अभ्यास करीत होते, जिन्याखाली शिलाईचे यंत्र चालू होते. घराच्या आत जे मावत नव्हते, ते ओट्यावर आणि गल्लीत मावत होते. तेव्हा मला उमगले, की लहान घराचे क्षेत्रफळ दाराशी संपत नाही. दाराबाहेर सामाईक असे जे काही आहे, त्यावर ते घर राहण्याजोगे आहे की नाही हे ठरते.

परतीच्या वाटेवर धुळ्यात भावाकडे मुक्काम केला, आणि सकाळी गल्लीतून चालताना वाटले, आपण जे शोधतो आहोत ते येथे दोनशे वर्षांपासून आहे. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे निवडले आणि १८१९ साली नव्या पेठेची आखणी केली. मुंबई-आग्रा मार्गावरील या उजाड झालेल्या गावात व्यापाऱ्यांनी येऊन वसावे म्हणून घरांसाठी जागा बिनसाऱ्याच्या दिल्या. धुळ्याच्या सरळ, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांना त्या आखणीचा वारसा आहे. योगायोग असा, की २०१४ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यातील स्पर नावाच्या, वस्ती घटत चाललेल्या छोट्या गावानेही लहान घरांसाठी आपली दारे अशीच उघडली होती. गाव ओस पडू नये असे वाटले, की शहाणी माणसे आधी लहान घरांना बोलावतात.

भावाच्या गल्लीत एका जुन्या चौकाच्या वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मापाने ३८० चौरस फूट भरतील. वाड्यात आणखी पाच बिऱ्हाडे होती. त्यांतील दोन आपल्या समाजाची, एक लेवा पाटील, एक शिंपी, एक शाळामास्तरांचे. स्थानक पायी चार मिनिटांवर, दवाखाना आणि किराणा त्याच रस्त्यावर. आम्ही घर विकत घेतले नाही. एका वर्षासाठी भाड्याने घेतले, कारण बारा महिन्यांचे घर पारखावयाचे तर बारा महिनेच लागतात.

थोरल्या मुलाला हे आवडले नाही. फोनवर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आई, आम्ही आलो तर उतरायचे कोठे?" या प्रश्नापुढे माझी सर्व गणिते क्षणभर थांबली. आपल्यापैकी कितीतरी आई-वडील मोठ्या घरांना कुलपे लावून बसले आहेत, ते याच एका प्रश्नासाठी. मी त्याला म्हटले, "बाळा, तू वर्षातून दहा दिवस येतोस. त्या दहा दिवसांसाठी मी तीनशे पंचावन्न दिवस रिकाम्या खोल्यांची राखण करते आहे. ते दहा दिवस आपण कोठेही काढू. मला उरलेल्या दिवसांची काळजी आहे." तो काही बोलला नाही. मलाही त्या रात्री झोप आली नाही.

वर्ष सोपे गेले असे मी म्हणणार नाही. पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी सामाईक टाकी भरण्याची पाळी असते आणि पाळीवरून कुरबुरीही होतात. शेजारच्या घरातील दूरदर्शनच्या मालिका भिंतीतून ऐकू येतात. लग्नसराईत वरातीचे वाद्य रात्रीपर्यंत छाती हलवते. सुरुवातीला यजमानांचा जीव गुदमरे. चाळीस वर्षांच्या वह्या, मुलांची पदके, पाहुण्यांसाठीच्या गाद्या, हे सर्व सोडून येताना त्यांनी तीन वेळा डोळे पुसले. एकमेकांवर रुसावयाचे तर दुसरी खोली हाच काय तो परदेश.

पण वैशाखात जाड भिंतींच्या आत दुपारी निवांत झोप लागली. उन्हाळ्यात गच्चीवर सहा घरच्या बायका मिळून नागलीचे पापड आणि ज्वारीच्या बिबड्या करावयास बसलो. जळगावच्या घरी एकटीने हे करणे मी केव्हाच सोडले होते. बिबड्यांत लसूण घालण्याची इकडची रीत. पाटलीणबाईंनी मला काही न विचारता पहिला घाणा बिनलसणाचा काढून वेगळा ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, हा तुमचा." चातुर्मासात रोज प्रवचनाला पायी जाता आले. मास्तरांची नात यजमानांकडे गणित शिकावयास बसू लागली.

आणि पौषातील एका रात्री दोनच्या सुमारास यजमानांना श्वास घेता येईना. मी दार उघडून फक्त हाक मारली. मिनिटभरात चौकात चार माणसे उभी होती. शिंप्यांच्या मुलाने गाडी काढली आणि दहा मिनिटांत आम्ही रुग्णालयात पोहोचलो. जळगावच्या आठ खोल्यांत, बंद फाटकाआड, माझी हाक कोणाच्या कानी पडली असती, हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारीत नाही. त्याचे उत्तर ऐकण्याचे धैर्य मला नाही.

गेल्या दिवाळीत दोन्ही मुले सहकुटुंब आली. वरच्या बिऱ्हाडाने आपली एक खोली दिली, काहींची सोय संघाच्या अतिथिगृहात झाली. थोरला दोन दिवस थोडा अवघडलेला होता. तिसऱ्या दिवशी तो चौकात मास्तरांशी बुद्धिबळ खेळत बसलेला दिसला. जाताना म्हणाला, "पप्पांचा चेहरा भरला आहे." त्यापुढे त्याने राहण्याच्या जागेचा विषय काढला नाही.

जळगावचे घर आम्ही एका शिक्षक दांपत्याला आणि त्यांच्या एकत्र कुटुंबाला भाड्याने दिले आहे. आठही खोल्यांत आता दिवे लागतात. ते घर विकावे की ठेवावे याविषयी आमचे एकमत झालेले नाही. यजमानांना अजून थोडा वेळ हवा आहे आणि तो मी देणार आहे. मर्यादा घालून घेतली, तरी तीत सामावून जाण्यास मनाला वेळ लागतोच.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. आम्ही लहान घर निवडले, पण पुष्कळांना निवड नसते. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट धरले आहे, आणि तेवढे पक्के घर मिळावे म्हणून कुटुंबे वर्षानुवर्षे वाट पाहतात. आमच्या साधेपणाचे कौतुक कोणी करू लागले, की मला ती माणसे आठवतात आणि मी विषय बदलते.

ज्या भगिनी-बंधूंच्या मनात असाच विचार घोळत असेल, त्यांना अनुभवाने चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घर पाहण्यापूर्वी वस्ती पाहा, आणि ती सुटीच्या दिवशी न पाहता मधल्या वारी, भर दुपारी आणि रात्री पाहा. कागद स्वतंत्र व स्पष्ट असल्याखेरीज पैसे देऊ नका. शक्य असेल तर एक वर्ष भाड्याने राहून उन्हाळा, पावसाळा आणि आजारपण यांची परीक्षा होऊ द्या. आणि जेथे लहान मुलांचा आवाज येतो, तेथे राहा. आपल्या गावांच्या जुन्या गल्ल्यांत आजही अनेक वाडे अर्धे रिकामे पडले आहेत, आणि कॉलन्यांतील मोठ्या घरांत आपलीच माणसे एकेकटी बसली आहेत. प्रत्येक संघाने आपल्या भागातील अशा रिकाम्या खोल्यांची आणि अशा एकट्या घरांची एक साधी यादी केली, तर नवी वसाहत बांधण्याची गरज फार थोड्यांना पडेल.